आळशांनी टब रिकामा करू नये

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ऑक्टोबर सरत आला, झाडांची पानं गळून अंगणभर पसरली, की घरामागच्या डेकवर हॉट टब बसवलेल्या प्रत्येक गृहस्थापुढे एक प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो: यंदा टब रिकामा करून बंद करायचा, की हिवाळाभर चालू ठेवायचा? यावर घराघरांत दोन तट पडतात, आणि ज्याला काहीच करायचं नसतं तो हटकून ‘बंद करून टाकू, कटकट नको’ या तटात सापडतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्याला कटकट नको आहे त्याने टब मुळीच बंद करू नये. हॉट टब माणूस आळसासाठी विकत घेतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चाळीस अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला देह, बाहेर उणे वीस-पंचवीसची हवा आणि वर चांदणं, अशा अवस्थेत कोणी कर्तबगारी गाजवत नसतं. पण आळस फुकट मिळत नाही. त्याला थोडी शिस्त लागते, आणि ती ज्याच्या अंगी नाही त्याच्या वाट्याला शेवटी दुप्पट कष्ट येतात. टबातल्या पाण्याइतका या सिद्धांताचा चोख पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण.

ज्या घराण्याच्या नावाने हे टब जगभर ओळखले जातात, ते जकुझी घराणं स्वतः आळशी मुळीच नव्हतं. इटलीतून कॅलिफोर्नियात आलेले हे सात भाऊ बर्कलीत विमानांचे पंखे बनवत. 1921 मध्ये त्यांनीच बांधलेलं विमान कोसळलं, त्यात एक भाऊ गेला, आणि घराण्याने विमानांचा नाद सोडून विहिरीवरच्या पंपांचा धंदा धरला. धाकट्या भावाच्या मुलाला लहानपणीच संधिवाताने गाठलं. पाण्याच्या माऱ्याने त्याचे सांधे मोकळे व्हावेत म्हणून बापाने घरच्या बाथटबात ठेवता येईल असा पंप तयार केला, आणि 1956 मध्ये तो बाजारात आला. पुढे 1968 मध्ये घराण्याच्या पुढच्या पिढीतल्या रॉय जकुझीने पंप आणि फवारे टबाच्या अंगातच बसवले आणि औषधाची चैन झाली. इथवर सगळं ठीक होतं, कारण अंघोळ झाली की बूच काढायचं आणि पाणी सोडून द्यायचं, हा रिवाज कायम होता. घोटाळा झाला तो टब मोठा होऊन अंगणात आल्यावर. दीड हजार लिटर गार पाणी चाळीस अंशांवर न्यायला पन्नास-साठ युनिट वीज लागते. रोज संध्याकाळी बूच काढायचं म्हटलं तर कुबेराचंही दिवाळं निघेल. म्हणून तेच पाणी दोन-तीन महिने वापरायचं ठरलं. हॉट टब म्हणजे अंघोळीनंतर न सोडलेलं पाणी. विक्रेता ही व्याख्या सांगत नाही, पण पुढची सगळी उठाठेव तिच्यातूनच निघते.

त्या न सोडलेल्या पाण्यात दाटी किती होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ऑलिंपिकच्या पन्नास मीटरच्या तलावात सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी मावतं. टबात चार माणसं बसल्यावर जेवढी गर्दी होते, तेवढी त्या तलावात करायची तर साडेसहा हजारांहून जास्त माणसं उतरवावी लागतील. वर हे पाणी गरम, त्यामुळे माणूस बसल्या बसल्या घामाघूम होतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. घामाच्या जोडीला अंगाला लावलेलं क्रीम, पोहण्याच्या कपड्यांत राहून गेलेला साबण, आणि घर मराठी असेल तर सुट्टीच्या सकाळी डोक्यावर थापलेलं खोबरेल. चंपी करून गरम पाण्यात मान टाकून पडणं हे सुखाचं शिखर आहे, याबद्दल वाद नाही. मात्र ते सुख नंतर टबाच्या काठावर तेलकट पिवळी रेघ होऊन उरतं, फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसतं आणि फवारे सुरू होताच पाण्यावर फेस होऊन वर येतं. पाहुणे तो फेस पाहून खूश होतात, त्यांना तो पाहुणचाराचाच भाग वाटतो. यजमानाने त्यांचा गैरसमज दूर करू नये, पाणी मात्र दुरुस्त करावं. जपानी माणूस गरम पाण्याच्या हौदात उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करतो. पाणी सगळ्यांत मिळून वापरायचं असतं, म्हणून मळ बाहेरच सोडून यायचा, इतका साधा विचार त्यामागे आहे. हा एक नियम पाळला तरी टबातल्या रसायनांचं निम्मं काम हलकं होतं.

बाकीचं काम एका बोटभर कागदी पट्टीवर चालतं. ती पाण्यात बुडवायची, न झटकता काही सेकंद आडवी धरायची आणि तिच्यावरच्या चौकोनांचे रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवून पाहायचे. डिसेंबरात तिथे साडेचारलाच अंधारून येतं, त्यामुळे हा कार्यक्रम एका हातात डबी, दुसऱ्या हातात पट्टी आणि दातांत टॉर्च अशा थाटात पार पडतो. टॉर्चच्या पिवळ्या उजेडात सगळे चौकोन नारिंगी दिसतात, आणि ‘सात पॉइंट दोन’ की ‘आठ’ यावर घरात मतभेद होतात. मोरपंखी आणि रामा यांतला फरक दुकानाच्या दारातून ज्याला कळतो, त्याच्याकडेच हे खातं द्यावं. कारण फरक क्षुल्लक नसतो. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये राहायला हवा. तो साडेसातच्या आसपास असताना पाण्यातलं साधारण निम्मं क्लोरीन जंतू मारण्याच्या रूपात असतं. तो आठवर गेला की क्लोरीन तेवढंच असूनही त्यातलं जेमतेम पाव उपयोगी पडतं. हजेरीपटावर सगळे, कामावर एक चतुर्थांश. आणि पीएच वर चढवतं कोण, तर फवारे. पाणी घुसळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. म्हणजे ज्या बुडबुड्यांसाठी पैसे मोजले, तेच पाणी बिघडवतात. पीएचच्या एकूण चढउतारांना आवर घालते ती पाण्याची अल्कलिनिटी, आणि ती वाढवण्यासाठी लागतो आपला खाण्याचा सोडा. ज्याने ढोकळा फुगतो त्याच सोड्यावर हजारो डॉलर्सचा टब तोल सांभाळून उभा असतो. आधी अल्कलिनिटी, मग पीएच आणि शेवटी क्लोरीन, हा क्रम पाळला तर सगळं दहा मिनिटांत आटोपतं. आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं, एवढीच ही शिस्त.

ही दहा मिनिटं वाचवणारा आळशी माणूस कसा फसतो ते पाहण्यासारखं असतं. दोन आठवडे तो पट्टी बुडवत नाही. पाणी दिसायला काचेसारखं नितळ, म्हणून तो निश्चिंत. मग एके दिवशी झाकण उघडताच क्लोरीनचा भपकारा येतो, आणि त्याचा समज होतो की औषध जास्त झालं आहे, आता आणखी घालायला नको. वस्तुस्थिती उलटी असते. तो वास ताज्या क्लोरीनचा नसून घामा-मळाशी लढून खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो. वास जितका उग्र तितकं क्लोरीन कमी पडलेलं. तोवर पाइपांच्या आतल्या भिंतींवर जंतूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे वरून टाकलेलं मूठभर औषध चालत नाही. मग नळ्या धुण्याचं वेगळं रसायन आणा, टब उपसा, घासा, पुन्हा भरा, पुन्हा तापवा. दहा मिनिटांच्या बचतीवर आख्खा रविवार खर्ची पडतो.

आणि हा आळस ज्याचा त्याचा खासगी मामला आहे, असंही म्हणता येत नाही. चाळीस अंशांचं पाणी माणसाला जितकं मानवतं तितकंच लिजिओनेला नावाच्या जंतूलाही. 25 ते 45 अंशांच्या पाण्यात तो झपाट्याने वाढतो आणि तुषारांवाटे फुप्फुसात शिरतो. नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फेब्रुवारी 1999 मध्ये फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या टबात पाणी तापवून नुसते बुडबुडे सोडून ठेवले होते. त्यात कोणी पाय बुडवला नव्हता. नुसते जवळून गेलेले लोक आजारी पडले, आणि त्या साथीत तीसहून अधिक माणसं दगावली. हा प्रसंग विनोदाच्या पलीकडचा आहे, म्हणून त्यावर अधिक काही न बोलता एवढंच लक्षात ठेवावं, की अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने टबातलं क्लोरीन दशलक्ष भागांत किमान तीन भाग असावं असं सांगितलं आहे, ते कारखानदारांची पावडर खपावी म्हणून नव्हे.

आता हिवाळ्याकडे वळू. टब बंद करणं म्हणजे बूच काढून झाकण लावणं, अशी आळशी माणसाची समजूत असते. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं, या एका गोष्टीने ती समजूत उधळून लावली आहे. आधी ब्रेकर पाडायचा, मग तळाच्या तोटीला बागेची नळी जोडून पाणी सोडायचं. ते बराच वेळ वाहतं आणि मग थांबतं, पण थांबतं याचा अर्थ संपतं असा नाही. तीस-चाळीस फवारे, प्रत्येकाला आपली नळी, आणि प्रत्येक नळीच्या खोलगट वळणात पेलाभर पाणी दडून बसलेलं. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम आणून त्याची नळी एकेका फवाऱ्यावर दाबून धरायची. एकीकडून ओढलं की शेजारच्या फवाऱ्यातून गुळणी केल्यासारखा आवाज येतो आणि आणखी तांब्याभर पाणी निघतं. मग बाजूची फळी उघडून, पोटावर आडवं पडून, पंपाच्या आणि हीटरच्या जोडांवरचे मोठे प्लॅस्टिकचे आटे सैल करायचे, पंपाच्या बुडाचं बारीक बूच काढायचं, ते गवतात हरवू द्यायचं नाही. फिल्टर काढून धुऊन घरात आणायचा. शेवटी नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ ओतायचं. तेही प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीतलं हिरवं चालत नाही, कारण ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं, म्हणजे विष असतं. एवढं करूनही सगळं पाणी निघालं की नाही हे कळायला मार्ग नाही. परीक्षा नोव्हेंबरात, निकाल एप्रिलात. वसंतात टब भरला आणि खालून ओल झिरपू लागली की समजायचं, कुठल्यातरी वळणात पेलाभर पाणी राहिलं होतं. आणि नळ्यांभोवती सगळा फोम भरलेला असल्याने ती जागा शोधण्यासाठी उत्खनन करावं लागतं.

चालू टबाला यातलं काही लागत नाही. वाहतं, गरम पाणी गोठत नाही, आणि तापमान फार उतरलं की टबातलं यंत्र आपणहून पंप सुरू करतं. मालकाने करायचं ते एवढंच: थंडी पडण्याआधी, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, पाणी बदलून घ्यायचं. पाणी किती दिवसांनी बदलावं याचं एक चलनी सूत्र आहे. टबातल्या पाण्याचे गॅलन घ्या, तीनने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. चारशे गॅलनच्या, म्हणजे दीड हजार लिटरच्या टबात रोज सरासरी एकच जण बसत असेल, तर 133 दिवस; नोव्हेंबरातलं पाणी मार्चअखेरीपर्यंत पुरतं. रोज दोघं बसत असतील तर जानेवारीत एकदा, त्यातल्या त्यात उबदार दिवस पाहून, पाणी सोडायचं आणि लगेच नवं भरायचं. एक दुपार जाते, हे मान्य. पण त्या दुपारी पोटावर झोपावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप वीजबिलाचा, आणि तो रास्त आहे. उणे पंचवीसमध्ये चाळीस अंशांचं पाणी राखायचं म्हणजे पासष्ट अंशांचा फरक विकत घ्यायचा. मात्र ही उष्णता जाते कुठून, हे पाहिलं तर बिलाचा बराचसा दोष हिवाळ्याकडून झाकणाकडे सरकतो. एक लिटर पाण्याची वाफ झाली की उरलेलं दीड हजार लिटर पाणी जवळपास 0.4 अंशाने थंड होतं. वाफ अडवायची तर झाकण घट्ट बसायला हवं आणि आतला फोम कोरडा असायला हवा. झाकण उचलताना कंबर धरू लागली, तर ते पाणी प्यायलेलं आहे. त्यावर पडलेलं बर्फ आपोआप वितळत असेल, तर पैसे वितळत आहेत. झाकणावरचं बर्फ न वितळता जमून राहतंय, हीच खरी शुभवार्ता. ते केरसुणीने झाडून टाकावं आणि झाकणाला दुवा द्यावा. शिवाय गरम पाण्यात बसायची मजा ज्या चार महिन्यांत आहे, त्याच चार महिन्यांत टब रिकामा ठेवून जुलैच्या उकाड्यात तो कढत ठेवणं, यात बचत कोणती हे कळायला वेगळं गणित लागेल.

दुसरा आक्षेप वीज जाण्याचा. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली आणि अंगणांतले स्विमिंग पूलचे पंप आणि पाइप तडकले, हा दाखला हमखास पुढे केला जातो. पण तिथली यंत्रणा उघड्यावर होती, कारण तशी थंडी पडेल असं कोणी धरलंच नव्हतं. मिनेसोटातला टब थंडी गृहीत धरूनच बांधलेला असतो, आणि दीड हजार लिटर गरम पाणी झाकणाखाली तासाभरात गोठत नाही. आपल्याकडच्या भारनियमनाला निदान वेळापत्रक असायचं, हिमवादळाला ते नसतं, हे खरं. म्हणून वीज गेली की पहिलं काम झाकण न उघडण्याचं. ‘पाणी अजून गरम आहे का’ हे दर अर्ध्या तासाने हात घालून पाहणारा उत्साही माणूसच ते थंड करत असतो. इथे आळस साक्षात गुण ठरतो. चोवीस तासांत वीज येण्याचं लक्षण दिसलं नाही, तर मात्र उठावं आणि रिकामं करायला लागावं.

तिसरा आक्षेप आधुनिकांचा: मिठावर चालणारी यंत्रणा बसवा, ओझोन लावा, अतिनील दिवा लावा, आणि पट्ट्यांची कटकट संपवा. यंत्रं उपयोगाची आहेत, पण ती मदतनीस आहेत, वारस नव्हेत. मिठाची यंत्रणा मिठापासून क्लोरीनच तयार करते, त्यामुळे ‘आमच्या टबात क्लोरीन नाही, नुसतं मीठ आहे’ असं सांगणाऱ्याच्या टबातही क्लोरीनच असतं, फक्त ते वेष पालटून आलेलं असतं. ओझोन झटकन काम करतो आणि झटकन नाहीसा होतो, पाण्यात मुक्कामाला राहत नाही. पीएच यांपैकी कोणीच सांभाळत नाही. आठवड्यातून एकदा येणारा नोकर लावला, तरी माणसं रोज बसतात आणि घाम वाराचं बंधन मानत नाही.

एका पक्षापुढे मात्र मी हात टेकतो. डिसेंबर ते फेब्रुवारी घराला कुलूप लावून फ्लोरिडाला, किंवा लग्नसराई गाठायला पुण्याला जाणाऱ्या मंडळींनी टब रिकामाच करावा, आणि तो जाणत्या माणसाला पैसे देऊन रिकामा करून घ्यावा. रिकाम्या घरात चालू टब ठेवून सात समुद्रांपलीकडून मोबाइलवर त्याचं तापमान पाहत बसणं हा आळस नव्हे आणि उद्योगही नव्हे, ती निव्वळ काळजी आहे.

उरला तो मूलभूत आक्षेप: इतकं सगळं करायचं तर मग आळस कसला? आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे बसणारा पट्टी बुडवत नाही. बरोबर आहे, कारण तिथे खालून नवं पाणी येत राहतं आणि जुनं वाहून जातं. पाणी बदलण्याचं खातं भूगर्भाने स्वतःकडे ठेवलेलं आहे. आळशाला गंगा दूर म्हणतात. पैसे टाकून ती अंगणात आणता येते, पण अंगणात आली की ती वाहायची थांबते, आणि पाणी बदलण्याचं जे काम नदी करते ते मालकाच्या गळ्यात येतं. आळस म्हणजे काम टाळणं नव्हे, एकूण काम कमीत कमी करणं, ही व्याख्या ज्याला पटली त्याने आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं द्यावीत, नोव्हेंबरात पाणी बदलावं, झाकण कोरडं ठेवावं आणि मार्चपर्यंत खुशाल लोळावं. आणि ज्याला हेही जड वाटत असेल, त्याच्यासाठी सर्वांत निर्धोक यंत्रणा बादली आणि तांब्याची. तिच्यात पाणी रोज नवं असतं, हिवाळ्यात गोठत नाही, आणि तिचा पीएच आजवर कोणी विचारलेला नाही.